चिंचोक्यांचं गाव

३ जुलै २०२३, सोमवार

आज नरसिंग सरांनी माझ्या चिंतनवहीवर तिसऱ्यांदा शिक्का मारला. ‘वर्णन आहे, चिंतन नाही.’ हा शिक्का सरांनी खास लातुरातून बनवून आणलाय. म्हणजे आमच्याच्यानं चिंतन होणार नाही, याची त्यांना आधीपासून खात्री होती.

मी नववीपासून डायरी लिहिते. घरात आम्ही दखनी बोलतो, दहावीपर्यंत नांदेडच्या मराठी शाळेत होते आणि या वसतिगृहाच्या शाळेत सगळं इंग्रजीत चालतं. पण भांडायचं असलं की मला मराठीच सुचतं, म्हणून डायरी मराठीत. सुदैवानं चिंतनवहीही कुठल्याही भाषेत चालते.

आमच्या परदेशी डिप्लोमाचा नियम असा की नुसते मार्क पुरत नाहीत. काही निर्मिती, काही शारीरिक कृती आणि काही सेवा करायची, मग आपल्याला त्यातून काय कळलं ते लिहायचं. सरांची सही झाली नाही तर सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी पडले तरी डिप्लोमा नाही. डिप्लोमा नाही तर पुढची शिष्यवृत्ती नाही. नांदेडला अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, “निजामोद्दीनभाई, पोरगी डिप्लोमा करते म्हणे. मेकॅनिकल का सिव्हिल?” अब्बा सांगतात, “दोन्ही.” सगळ्या खानदानाचं म्हणणं होतं की मला चुलतभाऊ हमजासारखं लातूरच्या क्लासला घालावं. अब्बा एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांना डिप्लोमातलं काही कळत नाही आणि याचंच मला जास्त ओझं वाटतं.

माझी निर्मिती आणि कृती झाली. सेवा बाकी आहे. हमजाला फोन केला. तो नीटची तयारी दुसऱ्यांदा करतोय, त्यामुळे सल्ला द्यायला तयारच असतो. म्हणाला, “पगली, प्रॅक्टिकलची वही लोग पहलेइच भरके रखते. तू बी भर.”

बरोबरच आहे त्याचं. लातुरात पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम या वर्षी संपतो. मग वहीनंच का मागे राहावं?

१० जुलै, सोमवार

पकडले गेले.

विषय घेतला होता ‘भूकंपग्रस्त गावात सुरक्षिततेचे धडे’. एका बैठकीत थेट जानेवारीपर्यंतचं चिंतन भरून टाकलं. कामाच्या आखणीचं पहिलं पान दाखवायला वही दिली. आजवर कुठल्याही परीक्षकानं माझ्या वहीचं पुढचं पान उलटलेलं नाही. नरसिंग सरांनी उलटलं.

त्यांनी मोठ्यानं वाचलं. “तीस सप्टेंबर. आज आजींच्या डोळ्यांत पाणी पाहून माझे मन हेलावले.” मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. “सप्टेंबर अजून उजाडायचाय, इकरा.”

मी खाली बघत उभी होते. सर आमच्या या कामांचे समन्वयक, देगलूरकडचे. इथं यायच्या आधी बारा वर्षं त्यांनी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. म्हणाले, “मी स्वतः अशा हजार वह्या तपासल्यात. पण इथं याला खोटेपणा म्हणतात. पुन्हा असं दिसलं तर मी सही करणार नाही. आणि मी शब्द बदलत नाही.”

एवढं बोलून त्यांनी शिक्का मारला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

२३ जुलै, रविवार

दीपमाला माझी खोलीतली मैत्रीण. तिचं गाव किल्लारीच्या बाजूला, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. आज तिच्याबरोबर गेले. शाळेच्या पटांगणात पन्नास पोरं आणि चार म्हातारी माणसं जमवली आणि मी घसा खरवडून सांगितलं की हादरा बसला तर टेबलाखाली बसा.

एक म्हातारी ओट्यावर बसून हसत होती. तिनं विचारलं, “माय, टेबल कोनाच्या घरी हाय?”

सगळं गाव हसलं. पोरांनी तर मला डोकं कसं झाकायचं ते करूनच दाखवलं. दरसाल कुणीतरी येऊन हेच शिकवतं म्हणे. थोडक्यात, माझ्या सेवेची गावाला काडीची गरज नाही. वाईट वाटलं, पण खरं तेच लिहायचंय आता.

ती म्हातारी म्हणजे साखराबाई. गाव तिला साखरामाय म्हणतं. एकटीच राहते, जमीन पुतण्या कसतो. तिनं आम्हाला चहा पाजला आणि मग झाकलेली वाटी घेऊन निघाली. मी सोबत गेले. दहा-बारा घरं ओलांडली, दोन रस्ते ओलांडले, तरी ती थांबेना. शेवटच्या रांगेत कमलम्मा नावाच्या म्हातारीच्या हातात तिनं वाटी दिली आणि माघारी वळली.

“मधली एवढी घरं सोडून इथंच कामून?” मी विचारलं. दोन तासांत मी ‘कामून’ म्हणायला लागले होते.

“शेजारीन हाय ना ती माझी,” साखरामाय म्हणाली.

शेजारीण? अर्धा किलोमीटर चाललो आम्ही.

६ ऑगस्ट, रविवार

उलगडा झाला. दीपमालाच्या वडिलांनी सांगितलं. नवं गाव बांधलं तेव्हा ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर मिळालं, कमी त्याला लहान. मोठी घरं एका अंगाला, लहान दुसऱ्या अंगाला. त्यात जुन्या गल्ल्या फुटल्या. ज्यांच्या भिंतीला भिंत होती, ते गावाच्या दोन टोकांना गेले.

पण वाटीला हे कुणी सांगितलेलंच नाही. ती अजून जुन्याच शेजाऱ्याकडं जाते. सणाचं गोडधोड, शेतातला पहिला हुरडा, म्हशीचा खरवस, काहीही असो. आणि रिकामी वाटी माघारी देत नाहीत. हे आमच्याकडंही तसंच. रमजानमध्ये शेजारून आलेल्या ताटलीत अम्मी काही नाही तर साखर तरी घालून परत करते.

मग डोक्यात आलं की कुणाची वाटी कुणाकडं जाते एवढं विचारत गेलं, तर जमिनीवर नसलेलं अख्खं गाव कागदावर काढता येईल. मला रात्री जेवण गोड लागेना इतकी या कल्पनेनं मी भारून गेले. सेवा वगैरे जाऊ दे. मला बघायचंच आहे ते गाव.

सरांना विचारलं, विषय बदलू का. ते म्हणाले, “यात सेवा कुठंय?” मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मला निरखलं आणि परवानगी दिली. वहीवर मात्र शिक्का मारलाच.

२७ ऑगस्ट, रविवार

आज मारुतीच्या देवळात नकाशा मांडला. कागदावर काढलेलं म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं, म्हणून साखरामायनं पदरातून चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे एक घर. फरशीवर आधी वेस ठेवली, मग आड, मग चावडी.

बघता बघता वीसेक माणसं जमली. ज्ञानोबाआजोबा, इथं ग्यानोबा म्हणतात, पूर्वी गावचे कोतवाल होते. त्यांना प्रत्येक घर पाठ आहे आणि दुसऱ्या कुणाला पाठ असलेलं खपत नाही. आड चावडीच्या उजवीकडं का डावीकडं, यावर त्यांचं आणि कमलम्माचं जुंपलं.

“तीस वरीस पानी शेंदलंय म्या, तू मला आड दाखवून राह्यलास?” कमलम्मा म्हणाली. आड तिच्या बाजूला सरकला.

तीन तासांत नव्वद घरं झाली. अडलं ते फक्त साखरामायच्या गल्लीत. तिच्या आणि कमलम्माच्या घराच्या मधे एका घराची जागा उरते. मी विचारलं, इथं कोण होतं?

“तिथं काही न्हाई,” साखरामाय म्हणाली.

मी ग्यानोबांकडं बघितलं, तर ते पाणी प्यायला उठले. कमलम्माला पण नेमकं तेव्हाच घरी काम निघालं. थकली असतील सगळी. मी मग मोजमापाची चूक समजून दोन्ही घरं जवळ सरकवली. आता गल्ली आडापर्यंत पोचत नाही. सगळा हिशेब कुठंतरी चुकतोय आणि कुणी मदत करेना. चिडचिड झाली.

३० सप्टेंबर, शनिवार

भूकंपाला आज तीस वर्षं झाली. स्मारकापाशी कार्यक्रम होता. फुलं वाहिली, भाषणं झाली, कॅमेरे आले. मी साखरामायला शोधत होते. ती नव्हती. घरी गेले तर ओट्यावर तूर निवडत बसलेली.

“तुम्ही आला नाहीत?”

“दरसालाचंच हाय ते.” तिनं माझ्यापुढं सूप सरकवलं. मीही निवडायला बसले. अर्धं सूप झाल्यावर तिनं विचारलं, “किती वरसाची गं तू?”

“सतरा.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा सुपात मान घातली. उगाच विचारलं असणार. निघताना मात्र माझी वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. म्हणाली, अशी सैल वेणी घालून गाडीत बसू नये.

डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. जुलैतलं ते पान आठवून मला माझीच लाज वाटली. आज वहीत लिहिलं, ‘तूर निवडली.’ शिक्का बसेल. बसू दे.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सराव परीक्षा चालू आहेत, म्हणून बरेच दिवस डायरीला हात लागला नाही.

आज मजा झाली. सरांनी बोलावलं. मला वाटलं पुन्हा काही चुकलं. तर ते दार लोटून म्हणाले, “इकरा, चिंतन म्हणजे नेमकं काय वाटतं तुला?” त्यांनाही समन्वयक म्हणून वर्षाचं चिंतन लिहून वर पाठवायचं असतं. ते परत आलंय. वरून शेरा आहे की ही कामांची यादी झाली.

मी म्हटलं, “सर, शिक्का मारायचा का?”

सर हसले. मग गंभीर झाले. एकतीस जानेवारीला वह्या बंद आणि एक फेब्रुवारीला तोंडी परीक्षा, हे त्यांनी बजावलं. “केमिस्ट्रीतल्या मोलच्या गणितात मी कुणालाही तयार करीन. हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही,” असं म्हणाले. सर मला पहिल्यांदा आवडले.

११ जानेवारी २०२४, गुरुवार

आज वेळा अमावस्या. जिल्ह्याला सुट्टी. नांदेडात मला हा सण फक्त नावानं माहीत होता. इथं गावंच्या गावं उठून शेतात जातात. लातुरात म्हणे आज रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

साखरामायनं दीपमालाकडून मला आवतण धाडलं होतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली, आत पाच दगडांची पूजा मांडलेली. सगळ्या भाज्यांची मिळून एक भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाची पोळी आणि मडक्यातली ताकाची आंबिल. भज्जीत किती भाज्या होत्या ते मी मोजत होते, सतरावर सोडून दिलं. जेवायला सगळी जुन्या गल्लीतली माणसं. नव्या शेजाऱ्यांना दुसऱ्या पंगतीला बोलावलं होतं.

जेवणं झाल्यावर बाकीचे बोरं पाडायला गेले. मी आणि साखरामाय कोपीच्या सावलीत बसलो. मी विचारलं नव्हतं. खरंच नव्हतं. तिनंच सुरू केलं.

“ती जागा हाय ना मधली. तू घरं सरकवलीस ती. पंचफुलाचं घर होतं तिथं.”

मी तिच्याकडं सरकून बसले.

“तिच्या मोरीचं पानी माझ्या उंबऱ्याशी यायचं. त्यावरनं वरीसभर बोलनं बंद. अनंत चतुर्दशीला तिनं लेकीच्या हातून वाटी धाडली. म्या झाकन बी काढलं न्हाई, तशीच माघारी लावली. पोरगी जराशी उभी ऱ्हायली दारात. तुझ्यासारखीच उंच होती. मग गेली.” तिनं उंड्याचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. “त्याच रातीला झालं. त्या घरातलं एक बी मानूस न्हाई निघालं.”

नंतर म्हणाली, “तवापासून कुनाची वाटी म्या चुकू देत न्हाई. हे तुझ्या शाळंच्या वहीत घालू नगंस, माय.”

मी मानेनंच हो म्हटलं. मला रडू आलं आणि तिनं मला आंबिल दिली. ही वही शाळेची नाही, म्हणून इथं लिहितेय. तरी लिहिताना हात अडतो.

आणि मी ऑगस्टमध्ये ते घर बोटानं सरकवून मिटवून टाकलं होतं. सगळ्यांच्या देखत.

२८ जानेवारी, रविवार

नकाशा पुन्हा काढला. घरं आपापल्या जागी नेली. मधली जागा रिकामी ठेवली. आता गल्ली बरोबर आडापाशी पोचते.

मग एका कागदावर पंचफुलाची सगळी हकिकत लिहिली. पानभर. सर म्हणतात तसं, काय झालं, मला काय वाटलं, मी कशी बदलले, सगळं त्यात आपोआप आलं. दीपमालाला फक्त एवढंच सांगितलं की माझ्याकडं एक असं पान आहे की सर शिक्का उचलायचेच नाहीत. ती म्हणाली, मग दे की. कोण बघतंय? ती वही परदेशात जाणार, नाही तर कपाटात. साखरामायला वाचता येत नाही.

तेच तर. तिला वाचता येत नाही.

तीनदा ते पान वहीत ठेवलं, तीनदा काढलं. चौथ्यांदा फाडलं. फाडताना अब्बा आठवले. हे मी मोठेपणानं केलं असं अजिबात नाही. फाडल्यावर तासभर पस्तावत बसले होते.

१ फेब्रुवारी, गुरुवार

तोंडी झाली. वाईट झाली.

सरांनी नकाशा टेबलावर पसरला. खूष झाले. चष्मा लावून एकेक घर वाचलं. मग बोट मधल्या जागेवर थांबलं. “हे रिकामं का?”

“तिथं एक घर होतं.”

“कुणाचं?”

“मला माहीत आहे, सर. पण सांगणार नाही. सांगू नको म्हणून सांगितलंय.”

“तुला यातून जे कळलं ते त्या घरापाशी आहे?”

“हो.”

सर मागं टेकले. त्यांचा आवाज चढला नाही. “मी अडचणीत आहे, इकरा. जुलैत तू आजींचे अश्रू घरबसल्या बनवलेस. आता हे रहस्य बनवलेलं नाही, हे मी कशावरून मानू?”

मी नकाशाची घडी घालायला लागले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं. त्यांनी सोमवारपर्यंत सही राखून ठेवलीय. म्हणाले, “रविवारी मी येतो गावात. माझ्या डोळ्यांनी बघतो.”

अब्बांचा फोन आला होता. मी म्हटलं, तोंडी छान झाली.

४ फेब्रुवारी, रविवार

सर स्कूटरवर आले. दीपमालानं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे देवळात सगळे जमले होते. नकाशा फरशीवर अंथरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

सरांनी साखरामायला नमस्कार केला आणि विचारलं, “मावशी, या मुलीनं इथं काय काम केलं?”

“काम कशाचं?” साखरामाय म्हणाली. “काही न्हाई केलं. नुसती इचारून राह्यली.”

मला वाटलं, संपलं.

सरांनी वाकून बोट ठेवलं. “अन् ही जागा मोकळी का सोडलीय?”

ग्यानोबा उठायला लागले, पण या खेपेला कमलम्मानं त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

साखरामायनं सरांना विचारलं, “हिनं न्हाई सांगितलं तुमाला?”

“विचारलं मी. नाही सांगत म्हणते. मी म्हटलं सही करणार नाही, तरी नाही सांगितलं.”

साखरामायनं माझ्याकडं बघितलं. रागावली असं वाटलं मला. ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, सरकत नकाशापाशी आली.

“लिही,” ती मला म्हणाली. “पंचफुलाचं घर.”

मी पेन काढलं. फरशीवर ओणवून लिहिल्यानं अक्षर वाकडं आलं. तीस वर्षांत तिच्या तोंडून हे नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं म्हणे, ते दीपमालाच्या वडिलांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की कमलम्मा रडतेय आणि ग्यानोबा म्हणताहेत, “दार उगवतीला होतं तिचं.” कमलम्मा म्हणाली, दारात शेवगा होता. कुणी म्हणालं, कोंबड्यांचं खुराडं. कुणी तिच्या लेकीचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, पाळण्यातल्या पोराचं सांगितलं. मी लिहीत सुटले. बोटभर जागा, तिच्यात माझं अक्षर मुंगीएवढं झालं.

सरांनी माझी चिंतनवही मागितली. मला वाटलं शिक्का काढतील. त्यांनी उभ्या उभ्या शेवटच्या पानावर सही केली, खाली तारीख घातली आणि वही माझ्या पिशवीत ठेवली. कुठल्या मुद्द्यावर पास केलं ते काही बोलले नाहीत. सोमवारी विचारीन.

मी पेन बंद करायला लागले तशी साखरामायनं माझं मनगट धरलं.

“मोरी ऱ्हायली,” ती म्हणाली. “मोरी बी काढ तिची.”

“कुठं काढू?”

तिनं बोट पंचफुलाच्या दारापासून आपल्या दारापर्यंत हळूहळू ओढत आणलं. “अशी. उतार माझ्या उंबऱ्याकडं काढ.”

मी काढला.